वाचकांचे प्रश्न : रहीमसाहेब आणि त्यांची शिकवण

भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर या स्तंभात छोटंसं टिपण आलं, तेव्हापासून त्यांच्याविषयी पत्रं येत आहेत. काहींना इतिहास हवा आहे, काहींना रहीमसाहेबांच्या पद्धती आपल्या मैदानावर वापरायच्या आहेत, आणि एका मंडळाला आपल्याच दिवंगत प्रशिक्षकांची स्मरणिका काढायची आहे. या अंकाची सगळी जागा या पत्रांना दिली आहे.

रहीमसाहेब मूळचे कोण? त्यांचा मराठवाड्याशी काही संबंध होता का? (नांदेड)

जन्म हैदराबादचा, १७ ऑगस्ट १९०९. पेशानं शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकले, काचीगुडा आणि चादरघाट भागातल्या शाळांत शिकवलं, पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन शाळेच्या खेळांची जबाबदारी घेतली. १९४०च्या दशकात ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि १९५०पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. भारतीय संघ त्यांच्या हाताखाली १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक जिंकला, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. ११ जून १९६३ला फुप्फुसाच्या कर्करोगानं ते गेले, तेव्हा वय होतं त्रेपन्न.

मराठवाड्याचं म्हणाल, तर १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. तुमच्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी 'आपला संघ' म्हटलं असेल, तर ते हैदराबादलाच. त्यामुळे त्यांना परका प्रशिक्षक समजण्याचं कारण नाही.

शाळामास्तर हा शब्द मुद्दाम वापरला. ते फळ्यावर शिकवावं तसं शिकवत: एका वेळी एकच गोष्ट घ्यायची, ती सुटी करायची, आणि अंगवळणी पडेपर्यंत तिचाच सराव करायचा. पुढची बरीच उत्तरं याच सवयीशी येऊन थांबतात.

रहीमसाहेब 'फक्त डाव्या पायानं खेळायची' स्पर्धा भरवत, असं वाचलं. आमच्या तालमीच्या चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी तशी स्पर्धा घ्यायची आहे. नियम कसे ठेवावेत? (कोल्हापूर)

हैदराबादमध्ये त्यांनी वेगवेगळ्या अटींच्या स्पर्धा सुरू केल्या होत्या. एका स्पर्धेत कमजोर पायानंच खेळायचं, दुसरीत ड्रिब्लिंग, म्हणजे चेंडू पायात खेळवत पुढं नेणं, बंद. 'डावा पाय' म्हणण्यापेक्षा 'कमजोर पाय' म्हणा, कारण तुमच्याकडे दोन-तीन डावखुरी मुलं असणारच आणि त्यांचा उजवा पाय कच्चा असतो. खालचे नियम आजच्या मुलांच्या बेतानं आम्ही जुळवले आहेत.

सातजणांचा संघ, मैदान साधारण ५० बाय ३५ मीटर, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती. चेंडू चार नंबरचा, म्हणजे घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम. पाच नंबरचा चेंडू देऊ नका. तो ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, आणि कच्च्या पायानं तो लांब जावा म्हणून पोरं सगळं अंग फेकतात. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू तिथंच दुखावतो.

पास आणि गोल कमजोर पायानंच. बळकट पायानं चेंडू फक्त अडवायचा. चुकीच्या पायानं पास झाला, तर तिथूनच विरुद्ध संघाला अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत). चुकीच्या पायानं मारलेला गोल धरायचा नाही. गोलरक्षकाला ही अट लावू नका.

पंचाची खरी अडचण वेगळीच असते. पळापळीत कोणाचा कोणता पाय कच्चा, हे त्याच्या लक्षात राहत नाही. उपाय स्वस्तात होतो: प्रत्येक मुलाच्या बळकट पायात लाल मोजा, दुसऱ्यात पांढरा. लाल मोज्यानं चेंडू मारला की शिट्टी. मोज्यांच्या जोड्या उसवून सगळ्या संघांना एकच रंग द्या, नाहीतर पंच पुन्हा गोंधळेल.

दुसरी अडचण नोंदणीची. हुशार पोरं आपला बळकट पाय कमजोर म्हणून लिहून देतात. नोंदणीच्या वेळी न सांगता प्रत्येकाकडे पाच चेंडू सरपटत सोडा आणि 'मार' म्हणा. विचार न करता जो पाय तीनदा पुढं येईल, तो बळकट.

स्पर्धेआधी किमान तीन आठवडे तयारी हवी. आपल्याकडे नेमकी इथं घाई होते. पहिल्या आठवड्यात भिंतीपासून पाच मीटरवर उभं राहून वीस-वीस पासचे तीन फेरे, पायाच्या आतल्या बाजूनं. दुसऱ्या आठवड्यात आठ मीटर, चेंडू समोरून येणारा. तिसऱ्या आठवड्यात पळता पळता, जोडीदारासोबत. जोरदार शॉट शेवटच्या चार-पाच दिवसांतच, तेही एका वेळी पंधरापेक्षा जास्त नाहीत.

कमजोर पायानं चेंडू वाकडा का जातो? बहुतेक प्रशिक्षक मारणाऱ्या पायाकडे बघत बसतात. दोष बऱ्याचदा उभ्या पायाचा असतो. उजव्या पायाच्या मुलाला उजव्यावर तोल सांभाळून उभं राहायची सवयच नसते. त्याचा उभा पाय चेंडूच्या मागं राहतो, अंग मागं कलतं आणि चेंडू हवेत जातो. उभा पाय चेंडूच्या शेजारी, साधारण एक वीत अंतरावर, आणि त्याची बोटं जिथं पास द्यायचा त्या दिशेला. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ. एवढं सुधारलं की निम्मं काम झालं. रोज सरावाआधी बळकट पायावर तीस सेकंद तोल धरून उभं राहायला लावा, आधी डोळे उघडे, मग मिटून.

ड्रिब्लिंग बंद ठेवून मुलांचं कौशल्य मारलं जात नाही का? (इचलकरंजी)

वर्षभर बंद ठेवलं तर मारलं जाईल. महिन्यातून एखादी स्पर्धा तशी घेतली तर उलट होतं. चेंडू पायाशी येण्याआधीच मुलाला मान वर करून बघावं लागतं, आणि हीच सवय आपल्या मैदानांवर सगळ्यांत दुर्मीळ आहे.

दोन टचची मर्यादा ठेवा: एक चेंडू थांबवायला, एक द्यायला. टच मोजायला पंचाशिवाय बाजूला एक माणूस उभा करा आणि त्याला मोठ्यानं 'एक, दोन' म्हणू द्या. दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, ज्याच्याकडे चेंडू नाही ती पोरं जागेवर उभी राहतात, मग चेंडूवाल्याला द्यायला कोणीच नसतं. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ ते बारा मीटरवर एकेकजण हवा, हे सरावात त्रिकोण आखून शिकवा. दोन, घाबरून चेंडू लांब उडवणं. यावर एकच नियम पुरतो: स्वतःच्या निम्म्या मैदानातून उडवलेला चेंडू डोक्याच्या वर गेला तर फाऊल.

हैदराबादच्या संघांचा भर जमिनीवरून, झटपट पास देण्यावर होता आणि तो खेळ या अशा स्पर्धांतून घडला. पोरांना हे सांगा, म्हणजे नियम जाच वाटणार नाहीत.

जकार्ताच्या अंतिम सामन्यात जरनैलसिंग बचावपटू असून आघाडीवर खेळला आणि गोल केला. हे नशीब होतं की डावपेच? (पुणे)

डावपेच. आणि त्यामागं मोठी अडचण होती.

आधी वस्तुस्थिती. १९६२ची जकार्तातली आशियाई स्पर्धा भारतानं दक्षिण कोरियाकडून ०-२ असा मार खाऊन सुरू केली. नंतर थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय. गटातल्या सामन्यात जरनैलच्या डोक्याला मार लागून टाके पडले. तो संघाचा सगळ्यांत भरवशाचा मधला बचावपटू. त्या काळी बदली खेळाडूची सोय नव्हती. एकदा अकरा उतरले की तेच अकरा शेवटपर्यंत. विश्वचषकात बदली खेळाडू आले तेच मुळी १९७०मध्ये. म्हणजे बचावाच्या मध्यावर जखमी माणूस ठेवला आणि तो अर्ध्यावर बसला, तर सगळी मागची फळी उघडी.

रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्डला, म्हणजे आघाडीच्या मध्यावर नेलं. मागं अरुण घोष, चंद्रशेखर, त्रिलोकसिंग अशी जुळणी. आघाडीवर जरनैल कमी पडला असता तर एक गोल हुकला असता. मागं कमी पडला असता तर सामना गेला असता. शिवाय जरनैल धिप्पाड होता, आणि बचावपटूला आघाडीवर बघून समोरच्यांची आखणी विस्कटते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ असा विजय मिळाला, त्यात त्याचा गोल होता. ४ सप्टेंबरला अंतिम फेरीत पुन्हा दक्षिण कोरिया. १७व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी, २०व्या मिनिटाला जरनैल. कोरियाचा गोल आला ८५व्या मिनिटाला. २-१.

दुसरा निर्णय गोलरक्षकाचा होता आणि त्याची चर्चा कमी होते. पीटर थंगराज तापातून उठलेला. आधीच्या सामन्यांत प्रद्युत बर्मननं गोल सांभाळला होता. अंतिम सामन्याला मात्र उंचपुरा थंगराज उभा केला. कोरियन संघ उंच चेंडू टाकणार हे पहिल्या सामन्यातच दिसलं होतं, आणि गोलसमोरचे उंच चेंडू झेलणं ही थंगराजची ताकद. ज्या संघानं आपल्याला हरवलं त्याच्याकडून काय शिकलो, हे या एका निवडीत दिसतं.

प्रेक्षकही विरोधात होते. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी प्रवेश नाकारल्यावर आशियाई क्रीडा महासंघातले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी या खेळांना 'आशियाई' म्हणण्यावर आक्षेप घेतला आणि जकार्तात भारताविरुद्ध संताप उसळला. सुमारे लाखभर लोक भारताची हुर्यो करत असताना आपले अकराजण खेळले. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगानं खंगत होते.

म्हणजे डोक्याला टाके असतानाही खेळणं हा आदर्श मानायचा का? आमच्या शाळेत मुलांना ही गोष्ट सांगतो. (पुणे, त्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

नाही. गोष्ट सांगा, पण त्यासोबत हेही सांगा की आज कोणत्याही प्रशिक्षकानं असं करता कामा नये. जरनैलचं धैर्य खरं होतं. मात्र मेंदूला बसलेल्या धक्क्याविषयी तेव्हा जे माहीत नव्हतं ते आज माहीत आहे.

मुलाच्या डोक्याला मार लागला आणि तो गोंधळल्यासारखा वाटला, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, प्रकाशाचा त्रास, धूसर दिसणं, स्कोअर किंवा आजचा वार न आठवणं, यातलं एकही लक्षण दिसलं, तर त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचं नाही. 'मी बरा आहे सर' या शब्दावर तर मुळीच नाही. उलटी वारंवार झाली, झोप अनावर झाली, डोकेदुखी वाढत गेली, आकडी आली किंवा हातपाय लुळे वाटले, तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर त्याला हलवू नका.

परत खेळवताना पायऱ्या ठेवा: पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग चालणं, मग हलकं पळणं, मग धक्काबुक्की नसलेला सराव, आणि डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच पूर्ण सराव नि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान चोवीस तास. लक्षणं परतली की एक पायरी मागं. मुलांच्या बाबतीत हे दोन-तीन आठवडे चालतं आणि तसंच चालू द्यावं. दुसरा धक्का पहिला बरा होण्याआधी बसला, तर तो जिवावर बेतू शकतो.

हैदराबाद पोलिसांनी मुंबईत येऊन रोव्हर्स चषक किती वेळा जिंकला? वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे दिसतात. (मुंबई)

मुंबईच्या कूपरेज मैदानावर सलग पाच वर्षं, १९५० ते १९५४. या पाच विजयांवर वाद नाही. आकडे वेगळे दिसायचं कारण नावात आहे. राज्यपुनर्रचनेनंतर काही वर्षांनी हा संघ आंध्र प्रदेश पोलीस या नावानं खेळू लागला. काही याद्यांत दोन्ही नावांचे विजय एकत्र धरतात, काहींत वेगळे. ड्युरंड चषकाचंही तसंच, आणि तिथं वर्षाचा घोळही आहे: स्पर्धा हिवाळ्यात, एका वर्षात सुरू होऊन दुसऱ्यात संपे. म्हणून एकच विजय कुणी १९५७ लिहितो, कुणी १९५८.

मेलबर्नच्या संघात आमच्याकडचे कोण होते? (म्हापसा)

सगळ्यांत मोठं नाव नेव्हिल डिसोझा. मूळ गोव्याचे, खेळले मुंबईत. १ डिसेंबर १९५६ला यजमान ऑस्ट्रेलियावर भारतानं ४-२ विजय मिळवला, त्यात नेव्हिल यांचे तीन गोल होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच, ५२व्या मिनिटाला. त्यानंतर मात्र चार गोल खाऊन भारत १-४ हरला. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियानं ३-० हरवलं. चार गोलांसह नेव्हिल त्या ऑलिंपिकचे संयुक्त सर्वाधिक गोल करणारे ठरले. गोलरक्षक एस. एस. नारायण हेही मुंबईतच वाढलेले.

जकार्ताच्या सुवर्णसंघात तुमच्या शेजारच्या कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको होते. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१मध्ये. फ्रँको त्याआधीच मुंबईच्या मैदानांतून भारतीय संघात पोचले होते. हाफबॅकचं, म्हणजे बचाव आणि आघाडी यांच्या मधल्या जागेचं, त्यांचं काम नजरेत भरणारं नव्हतं: समोरच्याच्या पायातला चेंडू काढायचा आणि दोन टचमध्ये आघाडीच्या चुनी गोस्वामीकडे पोचवायचा. ते २०२१ साली गेले. गोव्यात त्यांच्या नावानं मुलांची एखादी स्पर्धा होत असेल, तर तिथं हाफबॅकसाठी वेगळं बक्षीस जरूर ठेवा.

अनवाणी खेळल्यामुळे १९५०च्या विश्वचषकात भारताला प्रवेश नाकारला, हे खरं का? आणि रहीमसाहेबांनी बूट कसे आणले? (नाशिक)

नाही. इतर संघ गळाल्यानं भारताला जागा मिळाली होती आणि आपल्याच फुटबॉल महासंघानं ब्राझीलला जायचं टाळलं. तेव्हाच्या कारभाऱ्यांना ऑलिंपिक अधिक मोलाचं वाटे, शिवाय निवड आणि सरावाचा वेळ यांवर एकमत नव्हतं. बुटांचं कारण नंतर चिकटलं.

बुटांचा निकाल लागला हेलसिंकीला, १९५२मध्ये. युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव. आपला एकमेव गोल अहमद खानचा. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. थंड, ओल्या गवतावर अनवाणी पायाला पकड मिळत नाही. वळताना पाय सरकतो. त्या काळचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड होई आणि गारठलेल्या पायाला तो नीट कळतच नसे. समोरच्याच्या बुटाला स्टड (तळव्याचे खुंट) आहेत म्हटल्यावर पाय आपोआप आखडता घेतला जातो. या पराभवानंतर महासंघानं बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध मेलबर्नला आपण आधी गोल केला, हा फरक लक्षात घ्या.

तुमच्याकडे आदिवासी पाड्यांवरून अनवाणी खेळणारी मुलं येतात, असं पत्रात आहे. त्यांना पहिल्याच दिवशी स्टडचे बूट देऊन नव्वद मिनिटं पळवू नका. अनवाणी पाय पुढून पसरट असतो, बूट लांबीला बरोबर असला तरी रुंदीला चावतो. माप संध्याकाळी, मोजे घालून घ्या. पुढं अंगठ्याच्या नखाएवढी जागा असावी. पहिला आठवडा साधे सपाट तळव्याचे बूट, रोज वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात छोटे रबरी स्टड, चाळीस मिनिटं. उरलेला वेळ मुलांना अनवाणी खेळू द्या. चेंडूची जी समज त्यांच्या पायात आहे ती मोडू नका. टणक मुरमाड मैदानावर लांब स्टड घातले तर सगळा भार चार-सहा ठिकाणी येतो आणि टाच दुखू लागते, तिथं बारीक दाट स्टडच हवेत.

डब्ल्यू-एम आणि ४-२-४ यातला फरक मुलांना समजावून सांगता येत नाही. रहीमसाहेबांनी नेमकं काय बदललं? (सांगली)

फळ्यावर ठिपके काढू नका, मैदानावर अकरा मुलं उभी करा. गोलरक्षकापुढं मागच्या फळीत तीन बॅक, त्यांच्या पुढं दोन हाफबॅक, त्यापुढं दोन इनसाइड फॉरवर्ड, आणि शेवटी तीन: दोन विंगर आणि मध्ये सेंटर फॉरवर्ड. हे डब्ल्यू-एम. आता समोर दुसरा संघ तसाच उभा करा. प्रत्येक मुलासमोर नेमका एकजण येतो. सेंटर फॉरवर्डसमोर मधला बॅक, विंगरसमोर कडेचा बॅक. सगळं ठरलेलं.

मग सेंटर फॉरवर्डला सांगा, पंधरा मीटर मागं ये. त्याच्यावर नेमलेला मधला बॅक आता काय करणार? मागोमाग आला तर गोलसमोर भगदाड. नाही आला तर सेंटर फॉरवर्ड मोकळा, वळून पास द्यायला त्याला भरपूर वेळ. याच युक्तीनं हंगेरीनं नोव्हेंबर १९५३मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं उघडं पाडलं. मुलांना हे तीनदा करून दाखवलं की शब्दांची गरज उरत नाही.

४-२-४मध्ये एक हाफबॅक मागच्या तिघांत जाऊन चार होतात, एक इनसाइड फॉरवर्ड पुढच्यांत जाऊन चार होतात. मध्ये उरतात फक्त दोन. १९५८ साली ब्राझीलनं याच मांडणीनं विश्वचषक जिंकला. रहीमसाहेब डब्ल्यू-एममध्ये अडकून राहिले नाहीत. मागं ओढलेला सेंटर फॉरवर्ड आणि ४-२-४ हे दोन्ही त्यांनी भारतीय संघात रुजवलं, ज्या काळात आपल्याकडचे बहुतेक क्लब जागा सोडायलाही तयार नव्हते.

४-२-४ शाळेच्या संघाला देऊ नका. मधल्या दोघांची दमछाक होते आणि दुसऱ्या डावात मैदानाचा मध्य मोकळा पडतो. हैदराबादी खेळाडूंना ते जमलं कारण पास झटपट होता आणि विंगर परत यायचे. तुमच्या मुलांचा विंगर परत येत नसेल, तर मध्ये तीनजण ठेवा.

रहीमसाहेबांचे चिरंजीव सैन्यात होते ना? (नागपूर)

हवाई दलात. सय्यद शाहिद हकीम, स्क्वाड्रन लीडर. १९६०च्या रोम ऑलिंपिक संघात निवडले गेले, पुढे फिफाचे पंच झाले, १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत पी. के. बॅनर्जींचे सहायक होते. क्लब स्तरावर मुंबईच्या महिंद्र आणि गोव्याच्या साळगावकर संघांना त्यांनी शिकवलं. २०१७मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि ऑगस्ट २०२१मध्ये कलबुर्गीत त्यांचं निधन झालं.

आमच्या मंडळाचे प्रशिक्षक, निवृत्त सैनिक, वर्षापूर्वी गेले. चाळीस वर्षं त्यांनी फुकट शिकवलं. स्मरणिका काढायची आहे, पण लिहायला बसलो की 'शिस्तप्रिय', 'प्रेमळ', 'मार्गदर्शक' याच्या पुढं काही येत नाही. (अमरावती)

विशेषणं बाजूला ठेवा आणि त्यांनी काय केलं ते लिहा. रहीमसाहेबांचंच बघा. ते महान होते, असं शंभरदा लिहिलं गेलंय. पण तुळशीदास बलराम हा खेळाडू सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याहून सरावाला यायचा खर्च परवडत नाही म्हणाला, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याच्या भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले. हे एक वाक्य वाचलं की माणूस दिसतो. तुमच्या गुरुजींचंही असं काहीतरी असणारच: ते किती वाजता मैदानावर येत, चेंडू कुठून आणत, उशिरा आलेल्या मुलाला काय करायला लावत, चेंडूचा पंक्चर झालेला ब्लॅडर कोण दुरुस्त करायचं.

जुन्या खेळाडूंना एकेकटं भेटा. घोळक्यात एकजण बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. फोन फ्लाइट मोडवर ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करा, पंखा बंद करा, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, सुरुवातीला तारीख आणि त्यांचं नाव बोला. पाऊण तासाहून जास्त बसवू नका. 'सर कसे होते?' हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी 'सरावाचा पहिला अर्धा तास काय चालायचं?', 'हरल्यावर ते काय बोलायचे?', 'तुम्हाला कोणत्या जागेवरून कुठं हलवलं आणि का?' असं विचारा.

तारखांवर कोणाच्याही आठवणीचा भरवसा धरू नका, ती माणसं खोटं बोलतात म्हणून नव्हे. चाळीस वर्षांत दोन अंतिम सामने एकमेकांत मिसळतात, दुसऱ्या फेरीतला गोल अंतिम सामन्यात जाऊन बसतो. प्रत्येक सामना जिल्हा ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींशी ताडून पाहा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा अंक बघतात आणि बातमी नाही म्हणून परत येतात. बाहेरगावच्या सामन्याची बातमी दोन-तीन दिवसांनी येई, तेव्हा आठवडाभराचे अंक चाळा. दोन खेळाडू वेगळं सांगत असतील आणि कागद मिळत नसेल, तर ती घटना वर्षाशिवाय छापा.

लष्करी सेवेचा भाग लोक अंदाजानं लिहितात आणि तो सगळ्यांत जास्त चुकतो. घरच्यांकडे त्यांचं डिस्चार्ज बुक मागा. त्यात भरतीची आणि निवृत्तीची तारीख, सेवा क्रमांक, पलटण, मिळालेली पदकं असतात. पदकाच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, भिंगानं वाचा. पदक पॉलिशनं घासू नका, अक्षरं झिजतात. कागद हरवले असतील तर कुटुंबीयांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करावा, तिथून पलटणीच्या अभिलेख कार्यालयाचा पत्ता मिळतो. ते 'युद्धात लढले' असं लिहिण्याआधी, त्या वर्षी त्यांची पलटण कुठं होती ते बघा. सेवाक्रमांक, बँकेचे किंवा निवृत्तिवेतनाचे तपशील स्मरणिकेत छापू नका, आणि पत्नी-मुलांना मजकूर आधी वाचायला द्या.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचे १२००ला. मोबाइलनं काढलेला फोटोचा फोटो छपाईत फुटतो आणि काचेची चमक येते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. संघाच्या फोटोची एक झेरॉक्स काढून प्रत्येक चेहऱ्याला आकडा द्या आणि ती तीन वेगवेगळ्या माणसांकडून भरून घ्या. तिघांचं जुळलं तेवढीच नावं छापा, बाकीच्या जागी 'ओळख पटली नाही' असं स्पष्ट लिहा. मूळ फोटोच्या मागं लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उठतो.

आणि दोन पानं त्यांच्या सरावाला द्या. वॉर्म-अपपासून शेवटच्या फेरीपर्यंत, किती मिनिटं काय, मैदानाच्या छोट्या आकृत्यांसह. त्यांच्या हाताखाली खेळलेल्या तिघा-चौघांना मैदानावर नेऊन तो सराव एकदा प्रत्यक्ष करून घ्या आणि तेव्हाच लिहून काढा. खुर्चीत बसून सांगताना जे आठवत नाही, ते पायाला आठवतं.